ज्यांना आधी कळलं असतं

सुप्याच्या चौकात माझं मेडिकल होतं आणि त्याला लागूनच कुंदाताईचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. मधे फक्त पत्र्याचं पार्टिशन. तिकडं बोललेलं सगळं इकडं ऐकू यायचं, आणि कुंदाताईचा आवाज काही पार्टिशनला जुमानणारा नव्हता. इतकी वर्षं शेजारी काढली, पण तिला निवांत बसलेली मी फारशी पाहिली नाही. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली सिमेंटचे ब्लॉक घालून तिनं ते उंच करून घेतलं होतं आणि उभ्यानंच टाइप करायची. गिऱ्हाईक नसलं की दुकानापुढच्या ओट्यावर येरझाऱ्या. चहाचा कप हातात घेऊन ती चालायला लागली, की अर्धा चहा ओट्याला मिळायचा.

उंच, सडसडीत बाई. ओढणी खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारलेली. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण अख्खा चौक तिला ताई म्हणायचा म्हणून मीही म्हणायचो. ती मला भाऊ म्हणायची. वडील लवकर गेले. मग आई, धाकटा भाऊ अमोल आणि दोन एकर कोरडवाहू एवढं सगळं तिच्या अंगावर पडलं. त्यात लग्न राहून गेलं. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही, आणि कुणी विषय काढलाच तर प्रिंटर सुरू करायची.

तिच्याकडं यायचे ते बहुतेक एमआयडीसीतले कामगार. रजेचा अर्ज, फंडाचा अर्ज, कंपनीच्या नोटिशीला उत्तर. सगळं इंग्रजीत. कुंदाताई बारावीपर्यंत शिकलेली, पण टायपिंग करता करता ते कचेरीतलं इंग्रजी तिच्या बोटांत उतरलं होतं. मात्र इतर टायपिंगवाल्यांसारखी ती मजकूर नुसता उतरवत नसे. वाक्याशी भांडायची.

एकदा ठेकेदाराकडचा एक कामगार नोटीस घेऊन आला. तुमचं वर्तन व्यवस्थापनाच्या निदर्शनास आलं आहे, उद्यापासून कामावर येऊ नका, असा मजकूर होता. कुंदाताईनं तो मोठ्यानं वाचला आणि त्याला विचारलं, "निदर्शनास आलं म्हंजे कुनाच्या? तुझ्या वर्तनाला काय पाय हायेत, चालत साहेबाच्या टेबलापाशी जायला? कुनी पाह्यलं, कुनी सांगितलं?" त्याला काहीच माहीत नव्हतं. मग तिनं उत्तर लिहिलं. सदर बाब कुणी, कधी आणि कशी 'असर्टेन' केली, म्हणजे कशी खात्री करून घेतली, ते कृपया कळवावं, एवढंच. कंपनीकडून कागद काही आला नाही. आठवडा उलटला आणि त्याला गुपचूप कामावर घेतलं. तो पेढे घेऊन आला, तर ही त्याला विचारते, "पन कारन कळलं का?" तो म्हणाला, कामावर घेतलं ना ताई, कारण घेऊन काय करू. कुंदाताईनं पेढे सगळ्यांना वाटले, स्वतः खाल्ला नाही. दुपारभर तिची ओट्यावरची चाल जरा जोरात होती.

ही सवय तिला पहिल्यापासून नव्हती. ती कुठून आली ते मला माहीत आहे, कारण तिची पहिली शंका माझ्याच काउंटरवर आली होती.

अमोल जहाजावर होता. आयटीआय करून, मुंबईच्या एका एजंटामार्फत, इंजिनरूममध्ये खालच्या कामाला लागला होता. त्याची फी, पासपोर्ट, मेडिकल, सगळं कुंदाताईनं धावपळ करून केलं. पोरगं गोरं-घारं, लाजाळू. सुट्टीवर आला की माझ्याकडून उलटीच्या गोळ्यांची पाकिटं न्यायचा आणि ताईला सांगू नका म्हणायचा. दुसऱ्या फेरीआधी त्याचं लग्न झालं. मुलगी जामखेडकडची, खर्ड्याची. रोहिणी तिचं नाव. लग्नानंतर जेमतेम दोन-अडीच महिने तो घरी होता.

एक दिवस सकाळी कुंदाताई कागद घेऊन माझ्याकडं आली. कंपनीचा ईमेल आला होता, तिनं त्याची प्रिंट काढली होती. माझं इंग्रजी म्हणजे औषधांच्या खोक्यांवरचं, पण तेव्हा तिला मीच जवळचा शिकलेला वाटलो. अमोल 'रिपोर्टेड मिसिंग' आहे, असं त्यात होतं. मिसिंग तिला कळलं होतं. ती पहिल्या शब्दावर बोट ठेवून उभी होती.

मी म्हटलं, रिपोर्टेड म्हणजे कळवलं गेलंय.

"कुनी कळवलं?"

ते लिहिलेलं नाही, म्हटलं.

"मग जो हरवला त्याचं नाव हाय, आन ज्यानं सांगितलं त्याचं न्हाई. असं कसं?"

ती रडेल अशी मला भीती होती. ती रडली नाही. प्रिंट घडी करून मुठीत धरली आणि दुकानापुढून चालू लागली. या टोकाला, त्या टोकाला. तिचं ते चालणं त्या दिवशी सुरू झालं.

त्यानंतर कंपनीचे मेल येत राहिले. प्रत्येक मेलमध्ये एखादा नवा शब्द असायचा आणि कुंदाताई त्याच्या मागं लागायची. डिक्शनरी मोबाईलवर बघायची, मला विचारायची, बँकेतल्या साहेबांना विचारायची, शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना रस्त्यात गाठायची. सर पुढं पुढं तिला बघून गाडी वळवायला लागले. हळूहळू तिनं त्या शब्दांची आपली आपण उतरंड लावली. 'फाइंड आउट' तिच्या मते घरात चप्पल शोधण्याइतकं साधं. 'इन्क्वायर' म्हणजे दारात उभं राहून विचारायचं आणि मिळेल ते उत्तर घेऊन माघारी यायचं. 'व्हेरिफाय' म्हणजे कागदाला कागद लावून बघणं. 'असर्टेन'ला मात्र ती फार मानायची. "असर्टेन म्हंजे जाऊन, हात लावून, खात्री करून यायचं, भाऊ. घरी बसून व्हत न्हाई ते." आणि सगळ्यांत वरती 'एस्टॅब्लिश', म्हणजे खुंटा हलवून हलवून बघितला आणि तो हलला नाही.

आणि 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इंटू' हे वाक्य आलं की ती म्हणायची, ह्यात बघनारा कुनीच न्हाई. नुसतंच बघनं चाललंय.

शेवटी ती मुंबईला कंपनीच्या ऑफिसात गेली. पहाटेची गाडी धरून एकटीच. आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. रिसेप्शनवरची मुलगी बसा म्हणत होती, ही उभीच. दुपारपर्यंत उभी राहिली तेव्हा एक साहेब बाहेर आले. चांगले होते म्हणाली, आवाज चढवला नाही, पाणी मागवलं. ते म्हणाले, मॅडम, वुई आर असर्टेनिंग द फॅक्ट्स. कुंदाताईनं त्यांना मराठीत विचारलं, "साहेब, ते कसं करता तेवढं सांगा. सकाळी हापिसात आल्यावर, असर्टेन करायला तुमी काय करता?"

साहेब म्हणाले, आम्ही कॅप्टनला मेल करतो. तो उत्तर पाठवतो.

"मंजे तुमी त्येला विचारता."

हो, विचारतो.

"मग विचारलं असं लिहा. असर्टेन लिहू नका. आमी घरी तो शब्द धरून बसतो."

पुढच्या मेलमध्ये त्या साहेबांनी खरंच लिहिलं, की आम्ही कॅप्टनला विचारलं आहे. त्याचं उत्तर नेहमीचंच होतं. रात्रीच्या जेवणानंतर मुलगा दिसला नाही, सकाळी हजेरीला नव्हता, जहाज परत फिरवून शोध घेतला, सापडला नाही. पण त्या एका 'आस्क्ड'वर कुंदाताई दोन दिवस बरी होती. तो मेल तिनं मला मुद्दाम दाखवला. "बगा, खरं लिव्हलंय."

जहाजावर अमोलच्या खोलीत त्याच्याबरोबर राहणारा एक मुलगा कोकणातला होता. त्याचा नंबर मिळवायला तिला कितीतरी महिने लागले. तो सुट्टीवर घरी आल्याचं कळलं, तशी दुकानाला कुलूप लावून ती निघाली. आईनं बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन गेली होती. त्या मुलाच्या घरच्यांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं. तो बिचारा तिला चुकवत होता, कारण त्यालाही काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी तो बोलला. त्या संध्याकाळी अमोल जेवायला त्याच्या शेजारी होता. डाळ-भात होता. अमोलनं भात दोनदा घेतला. मग हवा खायला वर जातो म्हणाला. समुद्र शांत होता. याला ड्यूटी होती, हा खाली गेला. संपलं.

परत आली ती थेट माझ्या दुकानात. पिशवी खाली ठेवली नाही.

"दोनदा भात घेतला त्यानं," ती म्हणाली. "एवढं असर्टेन झालं."

मी तिला पाण्याचा ग्लास दिला. तिनं तो घेतला, प्यायली नाही, हातात धरून बाहेर ओट्यावर गेली.

एव्हाना ती त्या कामासाठी आजूबाजूच्या गावांत माहीत झाली होती. कुणाचा मुलगा दुबईत फोन उचलत नाही, कुणाच्या जावयाचा पगार अडकलाय, कुणाचं पेन्शनचं उत्तर येत नाही, असे लोक तिच्या दुकानी यायचे. एकदा तर पार हिवरे बाजारकडून एक म्हातारा-म्हातारी आली होती. ती त्यांची पत्रं लिहायची. त्यात आदर भरपूर असे, 'काइंडली' आणि 'हम्बली' जागच्या जागी, पण मधेच एखादं वाक्य असं यायचं की समोरच्याला पळवाट उरू नये. उत्तर आलं की ती लोकांना वाचून दाखवायची आणि स्वच्छ सांगायची, ह्यात काय कळलं आणि काय नाही. खोटा धीर तिनं कुणाला दिला नाही. त्यामुळं काही लोक तिच्यावर चिडायचेही. एक बाई मला म्हणाली होती, ताईकडून निघालं की जीव थाऱ्यावर राहत नाही. पण पुन्हा तीच बाई यायची.

घरी मात्र वेगळंच होतं. सुप्याजवळच्या वाडीत त्यांचं घर. आई, कुंदाताई आणि रोहिणी, तिघीजणी. रोहिणी एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. सकाळच्या बसला जाताना माझ्या दुकानावरून जायची, कधी डोकेदुखीची गोळी घ्यायची. बोलणं बेताचं. गळ्यात मंगळसूत्र होतं, पण हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे वाडीतल्या बायकांना कळत नसे. काही बोलवायच्या, काही टाळायच्या. ती बोलावलं तरी जात नव्हती. अमोलची आई तिला जपायची. म्हातारीनं कधी कुणाला काही विचारलं नाही. पोरगा गेला असं ती म्हणाली नाही, येईल असंही नाही. फक्त रोहिणीकडं बघून एकदा मला म्हणाली होती, "ही लेक इथं कशापायी वाळतीया, भाऊ?"

अशीच वर्षं गेली. सात वर्षं उलटली तेव्हा रोहिणीचे वडील खर्ड्याहून आले. त्यांच्याबरोबर पारनेरचे एक वकील होते. माणसाची सात वर्षं काही खबर नसेल तर कोर्ट त्याला मयत मानू शकतं, असं वकिलांनी सांगितलं. अर्ज रोहिणीचा, पण बहिणीचं प्रतिज्ञापत्र लागेल. शोध कुंदाताईनंच घेतलेला, तिच्या शब्दाला वजन. मग दबल्या आवाजात वडिलांनी पुढचं सांगितलं. रोहिणीच्याच कंपनीत एक सुपरवायझर होता. बायको वारलेली, माणूस सरळ. त्यानं मागणी घातली होती आणि रोहिणीची ना नव्हती.

हे सगळं कुंदाताईच्या दुकानातच झालं. मी पार्टिशनच्या अलीकडं गोळ्या मोजत होतो आणि माझं मोजणं सारखं चुकत होतं.

कुंदाताईनं वकिलांना विचारलं, कोर्ट मानतं म्हणजे काय. ते म्हणाले, 'प्रिझ्यूम' करतं. कायद्याचा शब्द आहे.

"मानून चालतं," कुंदाताई म्हणाली. "मंजे कुनी पाह्यलं न्हाई, कुनाला ठाव न्हाई, पन चला, मानून टाकू. मी न्हाई सही करनार."

रोहिणीच्या वडिलांनी हात जोडले. ती बधली नाही. ते गेले, आणि त्या दिवसापासून ती आणि रोहिणी एका घरात राहून बोलेनाशा झाल्या. कुंदाताईची तगमग वाढली. कंपनीला, एजंटाला, बंदरांच्या ऑफिसांना ती सारखे मेल पाठवायची. टाइप करताना बटणांचा आवाज माझ्या दुकानात गारा पडल्यासारखा यायचा. मला वाटायचं, तिला सांगावं, आता पुरे. पण तिच्या शोधाला पुरे म्हणणारा मी कोण, असंही वाटायचं.

मग एका संध्याकाळी रोहिणी कामावरून येताना बस उतरली ती घरी न जाता थेट दुकानात गेली. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. दोघींना मी दिसत होतो, पण त्यांनी माझा विचार केला नाही.

रोहिणी दारात उभी राहून म्हणाली, "ताई, एक बोलू?"

कुंदाताईनं मान वर केली नाही. बोल, म्हणाली.

"तुमी कॅप्टनला विचारलं. कंपनीला विचारलं. कोकनात जाऊन आलात. सात वर्षं सगळ्या दुनियेला विचारताय." तिचा आवाज शांत होता, थकलेला. "मला कदी काय विचारलं न्हाई तुमी."

टाइपिंग थांबलं.

"तुला काय विचारायचं?"

"आदल्या राती त्यांचा फोन आल्ता. मला."

कुंदाताई टेबलामागून बाहेर आली. मला वाटलं ती रोहिणीला धरून हलवील. तिनं तसं केलं नाही. अगदी हळू तिनं विचारलं, "काय म्हनला?"

"पान्याचं भ्या वाटतंय म्हनले. वर डेकवर गेलं की पाय कापत्यात, झोप लागत न्हाई. घरी यायचं म्हनत हुते. मी म्हनलं, या. तर म्हनले, ताईला सांगू नको, ताईनं लई खस्ता खाऊन धाडलंय."

रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते, कुंदाताईनं ते लांब जाऊ दिले.

"आदी का न्हाई बोललीस?" कुंदाताईनं विचारलं.

"भीत हुते. त्यांनी सांगू नको म्हनलं हुतं, आन ते त्यांचं शेवटचं सांगनं. आन तुमी... तुमी दिसभर विचारता, ताई. पन तुमाला घरातलं उत्तर नको हुतं."

रोहिणी गेली. कुंदाताई दारातच उभी राहिली. मग तिनं काय केलं तर पायरीवर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून, माझ्यापासून हातभर अंतरावर.

अंधार पडायला लागला तेव्हा ती म्हणाली, "त्यो मलाबी म्हनला हुता, भाऊ. नको वाटतंय म्हनला हुता. मी म्हनलं, काँट्रॅक पुरं कर. आता सोडलंस तर पुन्हा कुनी घेनार न्हाई." मग म्हणाली, "ह्यातनं काय एस्टॅब्लिश व्हतं?"

मी म्हटलं, काहीच नाही. आणि ते खरं होतं. भ्यायलेला माणूस पाय घसरून पडू शकतो, आणखीही काही करू शकतो. त्या फोनवरून काहीच ठरत नव्हतं. तिलाही ते कळत होतं. पण तिची चौकशी इतकी वर्षं समुद्राकडं तोंड करून चालली होती. ती त्या संध्याकाळी घराकडं वळली, एवढं मला दिसलं.

त्या दोघी घरी गेल्यावर काय बोलल्या मला माहीत नाही. आठ दिवसांनी कुंदाताईनं मला विचारलं, पारनेरला कोर्टात याल का. मी दुकान बंद ठेवलं आणि गेलो.

वकिलांनी प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं. कंपनीलाही पाठवायचं म्हणून इंग्रजीत. कुंदाताईनं ते तिथंच बाकाशेजारी उभ्यानं वाचलं आणि एका वाक्याशी अडली. कसून शोध घेतल्यानंतर अमोल हयात नाही असं असर्टेन झालं आहे, असं ते वाक्य होतं.

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

वकील वैतागले. म्हणाले, बाई, भाषा असते अशी. कोर्टाची वेळ झालीय.

"असंल. पन माज्या सहीखाली न्हाई."

तिनं त्यांना विचारलं, कायद्यात नेमकं काय आहे ते दाखवा. वकिलांनी पुस्तक काढलं, पान उघडलं. कुंदाताई बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. एका ठिकाणी ती थांबली, मागं गेली, पुन्हा वाचलं. 'दोज हू वुड नॅचरली हॅव हर्ड ऑफ हिम.' तिनं माझ्याकडं बघितलं. "भाऊ, मंजे त्यो असता, तर ज्यांना त्याचं आधी कळलं असतं, ते?" मी मान हलवली. "त्यांना कळलं न्हाई, एवढंच म्हनायचं?" वकील म्हणाले, एवढंच. कोर्टाला तेवढं पुरतं.

"मग हेच लिव्हायचं ना. हे खरं हाय."

तिनं वकिलांच्या टायपिस्टला बाजूला सरकवलं आणि ते वाक्य स्वतः टाइप केलं. आम्ही, म्हणजे ज्यांना त्याची बातमी साहजिकच आधी कळली असती ते लोक, त्याच्याविषयी काहीही ऐकलेलं नाही. 'आम्ही' म्हणजे कोण तेही तिनं पुढं लिहिलं. आधी रोहिणी, पत्नी. मग आई. शेवटी स्वतःचं नाव.

आत न्यायाधीश एक बाई होत्या, वयानं कुंदाताईएवढ्याच. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, तुमचा भाऊ हयात नाही असं तुम्हाला वाटतं का.

कुंदाताई पिंजऱ्यात ताठ उभी होती. म्हणाली, "मला ठाव न्हाई, मॅडम. त्यो असता तर त्यानं पयला फोन ह्या पोरीला केला असता. तिला आला न्हाई. दुसरा आईला, आन मग मला. आमाला कुनालाच आला न्हाई. एवढं मी शपथेवर सांगती."

न्यायाधीशबाईंनी पेन थांबवून तिच्याकडं बघितलं. मग तेवढंच लिहून घेतलं.

पुढं तारखा झाल्या, पेपरात जाहीर नोटीस झाली आणि निकाल लागला. निकालाच्या दिवशी अमोलच्या आईनं रोहिणीच्या गळ्यातलं मंगळसूत्र स्वतः काढून देव्हाऱ्यात ठेवलं. रोहिणी त्या वेळी फार रडली, असं कुंदाताईनं सांगितलं. स्वतःचं काही सांगितलं नाही.

लग्न खर्ड्याला झालं, किल्ल्याच्या अंगाला असलेल्या देवळाच्या सभामंडपात, थोडक्या माणसांत. मलाही बोलावणं होतं. नवऱ्याकडच्या एका म्हातारीनं कुंदाताईला विचारलं, तू नवरीची कोण. ती म्हणाली, नणंद. म्हातारीला काही कळेना. कुंदाताई पुन्हा म्हणाली, "पयल्या घरची नणंद. पाठराखीन म्हनून आले." अक्षता पडल्या तेव्हा ती रोहिणीच्या मागं होती आणि तिच्या डोक्यावरचा पदर सारखा सावरत होती.

मला वाटलं, आता ही बाई शांत होईल. तसं काही झालं नाही. जेवणाच्या पंगतीतून ती गायब झाली. बघतो तर बाहेर झाडाखाली फोनवर कुणाशी तरी ठणठणीत इंग्रजीत बोलत होती. फोन ठेवून माझ्याकडं आली, तर चेहरा उजळलेला.

अमोलचं ते जहाज भंगारात निघालं होतं. गुजरातच्या किनाऱ्यावर ते तोडायला लावणार होते. मुंबईच्या त्याच साहेबांनी आपणहून तिला कळवलं होतं.

मी म्हटलं, ताई, आता काय करणार तिथं जाऊन. कोर्टाचा निकालसुद्धा लागला.

"निकाल रोहिणीसाठी हुता. त्यो बरूबर हाय," ती म्हणाली. "मला त्यो जिथनं वर गेला ती पायरी बघायची हाय. ते तोडायच्या आदी."

त्यातून काय हाती लागणार, असं मी विचारलं नाही. तिनंही ते सांगायचा प्रयत्न केला नाही.

पुढच्याच आठवड्यात ती निघाली. मी नगरला माल आणायला जाणार होतो, म्हणून तिला गाडीवरून तिथल्या स्टँडवर सोडलं. पुढं तिथं काय झालं ते मला थोडंच माहीत आहे. यार्डाच्या आत तिला सोडत नव्हते, चार दिवस ती फाटकावर अर्ज देत होती आणि पाचव्या दिवशी कुणीतरी तिला हेल्मेट घालून आत नेलं. त्या संध्याकाळी मला तिचा मेसेज आला. एकच शब्द. 'बघितलं.' काय बघितलं ते तिनं लिहिलं नाही, आणि आल्यावर मी ते विचारायचं असं ठरवलं होतं. पण ती परतायच्या आत माझ्या मेडिकलची जागा हायवेच्या रुंदीकरणात गेली, मी कायमचा नगरला आलो, आणि तिचं दुकान आता हायवेच्या पलीकडं आहे असं ऐकतो. फोनवर बोलणं होतं, पण हे फोनवर विचारवत नाही. समोरासमोर भेट झालेली नाही.

म्हणून मला ती दिसते ती स्टँडवरचीच. सुरतेची गाडी लागली होती. दुपारचं ऊन, गाडीत निम्म्या जागा रिकाम्या. तिनं पिशवी वर टाकली, खिडकीतून मला हात केला आणि तेवढ्यात तिचं लक्ष कंडक्टरकडं गेलं. ती त्याला काहीतरी विचारत होती. बाहेर ऐकू येत नव्हतं. कंडक्टर आधी हसला, मग त्यानं हातवारे करून काहीतरी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं डोकं खाजवलं, शिट्टी खिशात घातली आणि तो खाली उतरला. गाडीच्या पुढं जाऊन, मान वर करून, आपल्याच गाडीची पाटी वाचू लागला.